संगणकावरचे स्पिटफायर : जुन्या लढाऊ विमानाचा नवा धंदा

संगणकावर विमान उडविण्याचा खेळ म्हणजे रिकामटेकड्या पोरांचा नाद, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. व्यापार-उद्योगाच्या दृष्टीने ही समजूत नुकसानीची आहे. या खेळाच्या आडोशाला युरोप-अमेरिकेत एक छोटासा पण चिवट धंदा उभा राहिला असून त्याचे गिर्‍हाईक बरेचसे प्रौढ वयाचे, नोकरीधंद्यात स्थिरावलेले आणि मालाची बारकाईने पारख करणारे आहे. या गिर्‍हाइकाला दुसर्‍या महायुद्धातील एखादे लढाऊ विमान हुबेहूब हवे असते. हुबेहूब म्हणजे नुसते दिसायला नव्हे. ते जसे तापत होते, जसे अडखळत होते, जसे वैमानिकाला दगा देत होते, तसेच्या तसे. यासाठी तो डॉलर मोजतो आणि एखादा काटा चुकीच्या आकड्यावर थांबला तर तक्रारही करतो.

प्रथम या बाजाराची रचना समजून घेऊ. मूळ कार्यक्रम, म्हणजे ज्यात आकाश, जमीन, वारा आणि धावपट्ट्या असतात, तो मोठ्या किंवा मध्यम कंपन्या बनवितात. मायक्रोसॉफ्टचे ‘फ्लाईट सिम्युलेटर’ १९८२ साली प्रथम आले. त्याची २०२० ची आवृत्ती फ्रान्समधील बोर्दो शहरातल्या असोबो या कंपनीने घडविली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यापुढची आवृत्ती आली. ऑस्टिन मेयर यांच्या लॅमिनार रिसर्चचे ‘एक्स-प्लेन’ आहे. लढाऊ विमानांच्या शौकिनांसाठी ईगल डायनॅमिक्सचे ‘डीसीएस’ आहे. आता या कार्यक्रमांसाठी लागणारी सुटी विमाने बनविण्याचे काम पुष्कळदा दुसरेच लोक करतात. दोन, पाच, दहा माणसांची ही दुकाने असतात. थोडक्यात, बाजारपेठेचे आवार एकाने बांधायचे आणि आतले गाळे इतरांनी चालवायचे, असा हा प्रकार आहे. उत्तम घडविलेल्या एका जुन्या लढाऊ विमानाची किंमत साधारण ३० ते ५० डॉलर असते. ‘डीसीएस’चा मूळ कार्यक्रम तर फुकट मिळतो, सोबत दोन विमानेही फुकट, कमाई पुढच्या विमानांवर.

या बाजारात ज्या विमानाला कधी मंदी नाही असे विमान म्हणजे ब्रिटनचे स्पिटफायर. साउदॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीतील रेजिनाल्ड मिचेल यांनी त्याची रचना केली. ५ मार्च १९३६ रोजी ते प्रथम उडाले. मिचेल पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या पश्चात या विमानाचे वीस हजारांहून अधिक नग तयार झाले. अमेरिकेचे मस्टँग, जर्मनीचे मेसरश्मिट १०९ यांचेही गिर्‍हाईक मोठे आहे, पण या लेखात आपण स्पिटफायरचेच उदाहरण घेऊ. ते घडविताना येणार्‍या अडचणी समजल्या की बाकीच्या विमानांचा अंदाज येतो.

कोणते स्पिटफायर?

पहिला प्रश्न हाच, आणि येथेच कच्चा कारागीर फसतो. स्पिटफायर हे एक विमान नव्हे, ते एक मोठे कुटुंब आहे. मार्क १ पासून मार्क २४ पर्यंत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. एंजिन बदलले, पंखा बदलला, पंखांची टोके बदलली. सुरुवातीच्या मर्लिन एंजिनाचा पंखा मागून पाहता उजवीकडे फिरे, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे ओढले जाई. नंतरच्या ग्रिफन एंजिनाचा पंखा उलट दिशेने फिरू लागला, आणि मर्लिनची सवय असलेल्या वैमानिकाने जुन्या सवयीने पाय दाबला की विमान धावपट्टी सोडून भलतीकडेच जाऊ पाही. संगणकावर हे दोन्ही स्वभाव वेगवेगळे दाखवावे लागतात.

बरे, एकच मार्क घेतला तरी भागत नाही. मार्क १ चा कमाल वेग किती? सरकारी चाचणीचे कागद पाहिले तर के-९७८७ क्रमांकाच्या विमानाचा वेग १८,५०० फुटांवर ताशी ३६२ मैल भरला. पुढे मार्च १९४० मध्ये एन-३१७१ क्रमांकाच्या विमानाची चाचणी झाली तेव्हा तो १८,९०० फुटांवर ३५४ मैल भरला. म्हणजे नवे विमान जुन्यापेक्षा आठ मैलांनी मंद! कागद खोटे नाहीत. मधल्या काळात युद्ध सुरू झाले होते. विमानावर चिलखती पत्रा, गोळीरोधक काच अशी ओझी चढली होती. उलट पंखा मात्र सुधारला होता. जुन्या विमानाला लाकडी, एकाच कोनात बसविलेला पंखा होता. नव्याला आपला कोन आपणच सांभाळणारा पंखा मिळाला, त्यामुळे चढाईत ते सरस ठरले. आता सांगा, संगणकावर कोणता आकडा घालायचा? ३६२ घातला तर जाहिरातीला शोभतो. ज्याने १९४० सालच्या उन्हाळ्यातील लढाईचे विमान म्हणून माल विकायचा ठरविले आहे त्याने मात्र ३५४ च्या बाजूला राहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आठ मैल जास्त दाखवून गिर्‍हाईक खूष करणे आणि काट्याखाली बोट लावून तोलणे यांत फरक नाही.

त्याच १९४० सालात इंधनही बदलले. ८७ ऑक्टेनच्या जागी १०० ऑक्टेनचे पेट्रोल आले आणि एंजिनात कोंबल्या जाणार्‍या हवेचा दाब सव्वासहा पौंडांवरून, गरजेपुरता, बारा पौंडांपर्यंत नेता येऊ लागला. यामुळे कमी उंचीवरचा वेग चांगलाच वाढला. म्हणून चांगली दुकाने विमानाच्या नावापुढे मार्कच नव्हे तर साल, पंखा आणि इंधनही लिहितात.

कागदपत्रांचा शोध

या धंद्याचा कच्चा माल म्हणजे कागद. ब्रिटिश हवाई खात्याने वैमानिकांसाठी छापलेल्या पुस्तिका आजही मिळतात. मार्क १ ची ‘एअर पब्लिकेशन १५६५-ए’ या क्रमांकाने ओळखली जाते. तीत कोणती कळ कोठे, किती तापमानाला काय करावे, थांबताना वेग किती ठेवावा हे सारे दिलेले असते. चाचण्यांचे अहवाल लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कारखान्याच्या आराखड्यांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर १९४० मध्ये सुपरमरीनचा वूल्स्टन येथील कारखाना जर्मन बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि आराखडे काढणारा विभाग हर्सली पार्क येथील एका मोठ्या वाड्यात हलवावा लागला. तरीही पुष्कळ आराखडे टिकले. अमेरिकन मस्टँगच्या बाबतीत संगणकवाल्यांचे नशीब आणखी चांगले. नॉर्थ अमेरिकन कंपनीत रॉय लायमिंग यांनी त्या विमानाच्या अंगाची वळणे हाताने न रेखता गणिताच्या सूत्रांनी बांधली होती. सूत्र हाती असले की संगणकाला ते वळण जसेच्या तसे काढता येते, अंदाजाला जागा उरत नाही. मिनेसोटातील एअरकॉर्प्स लायब्ररीने अशी मूळ ड्रॉइंगे जमवून वर्गणीवर खुली केली आहेत. तोही एक जोडधंदाच झाला.

स्पिटफायरचा लंबगोल पंख मात्र मोठा खट्याळ आहे. तो मुळापासून टोकापर्यंत किंचित पिळलेला असतो. मुळाशी अधिक दोन अंश आणि टोकाशी उणे अर्धा. हा अडीच अंशांचा पीळ नजरेला दिसतही नाही. पण त्यामुळेच घट्ट वळणात हवेची पकड प्रथम मुळाशी सुटते, सारे विमान थरथरते आणि वैमानिकाला इशारा मिळतो. ज्याने छायाचित्रे पाहून पंख काढला त्याच्याकडून हा पीळ सुटतो. मग त्याचे विमान दिसायला देखणे आणि वागायला परके होते.

पृष्ठभागाचीही एक मौजेची हकीकत आहे. पंखावरचे सगळे रिव्हेट पत्र्याच्या पातळीत बसवायचे की काही गोल डोक्याचे चालतील, हे ठरविण्यासाठी इंग्रजांनी एका स्पिटफायरवर वाटाण्याची डाळ गोंदाने चिकटविली. प्रत्येक रिव्हेटवर एक दाणा! सर्व दाणे लावून उडविले तर वेग ताशी तब्बल २२ मैलांनी घसरला. मग भागाभागाने डाळ खरवडून कोठे गुळगुळीत हवे आणि कोठे स्वस्त रिव्हेट चालेल ते नक्की केले. खर्च वाचविण्याची ही अक्कल आपल्या लघुउद्योजकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. संगणकावर विमान घडविणार्‍यालाही यातून कळते की चित्रात रिव्हेट रंगविणे हा सजावटीचा भाग असला तरी त्याचा हिशेब हवेच्या गणितात आधीच धरलेला असतो. दोनदा धरला की वेग चुकतो.

दोष हाच अस्सलपणा

१९४० च्या मर्लिन एंजिनात पेट्रोल पुरविणारा कार्बुरेटर तरंगत्या गोळ्याचा होता, आपल्या जुन्या स्कूटरमध्ये असे तसाच. वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले की पेट्रोल वर उसळे आणि एंजिन खोकून क्षणभर बंद पडे. समोरच्या जर्मन विमानात पेट्रोल थेट फवारले जाई, त्यामुळे तो वैमानिक बिनदिक्कत खाली सूर मारून निसटे. यावर फार्नबरो येथील संशोधन केंद्रातील बिआट्रिस शिलिंग या महिला अभियंत्यांनी १९४१ च्या आरंभी उपाय काढला. पेट्रोलच्या नळीत बसवायची भोक असलेली एक लहानशी चकती! एवढ्याशा वस्तूने दुखणे पुष्कळ आटोक्यात आले. मार्क ९ च्या मर्लिन ६६ एंजिनाला पुढे निराळ्याच धाटणीचा कार्बुरेटर मिळाला आणि तक्रार मिटली.

याचा अर्थ असा की १९४० चे स्पिटफायर विकणार्‍याने एंजिन खोकणारेच द्यायला हवे. नवख्या गिर्‍हाइकाला वाटते, मालात खोट आहे. जाणत्याला वाटते, येथे अभ्यास झालेला आहे. हीच गोष्ट तापण्याची. मार्क १ चा मुख्य रेडिएटर उजव्या पंखाखाली, चाकाच्या पायामागे. विमान जमिनीवर उभे असताना तो पाय हवेच्या वाटेत येई आणि एंजिन चालू ठेवून फार वेळ उभे राहिले तर पाणी उकळण्यापर्यंत मजल जाई. अमेरिकेच्या एटूए सिम्युलेशन्स या कंपनीने आपल्या स्पिटफायरमध्ये हे तापणे, झिजणे आणि बिघडणे असे काही बसविले की आज एंजिन ताणले तर त्याची शिक्षा उद्याच्या उड्डाणात भोगावी लागते. विमान मागचा हिशेब विसरत नाही. गिर्‍हाइकांनी याच त्रासाचे पैसे मोजले, हे व्यापारातील एक नवल म्हणावे लागेल.

सुरुवातीच्या विमानांत चाके वर घेण्यासाठी वैमानिकाला उजव्या हाताने पंप मारावा लागे आणि तोवर डाव्या हाताने दांडा सांभाळावा लागे. त्यामुळे नुकतेच उडालेले विमान पाण्यातल्या माशासारखे वरखाली होई. आठ ब्राउनिंग बंदुका, प्रत्येकीला ३०० गोळ्या, सारा साठा पंधरा सेकंदांच्या आसपास खलास. पेट्रोलची टाकी ८५ गॅलनची. हे आकडे पाठ असलेली गिर्‍हाइके आहेत, म्हणून लबाडी चालत नाही.

विमान अजून उभे आहे, मग त्याचीच मापे का घेऊ नयेत? घेतात. लेसरने किंवा शेकडो छायाचित्रांवरून संग्रहालयातील विमानाचा आकार संगणकात उतरविता येतो. जगात अजून काही डझन स्पिटफायर उडती आहेत. त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून वापरले जातात. ‘डीसीएस’ची ईगल डायनॅमिक्स आणि इंग्लंडमधील डक्सफर्ड येथील ‘द फायटर कलेक्शन’ यांचा तर घरोबाच आहे. खर्‍या जुन्या विमानांच्या सहवासातून त्यांची मस्टँग आणि स्पिटफायर मार्क ९ ही दोन्ही घडली. पण येथे सावध राहावे लागते. आज उडणार्‍या विमानात बंदुका नाहीत, चिलखत नाही, आकाशवाणी यंत्र नवे असते आणि एंजिन जपून, कमी दाबावर चालवितात. ते युद्धातल्या विमानापेक्षा हलके आणि जास्त आज्ञाधारक असते. आजच्या वैमानिकाची साक्ष मोलाची आहे, पण ती १९४० ची साक्ष नव्हे.

आणि १९४० ची साक्ष देणारे आता कोणी उरले नाही. ब्रिटनच्या त्या हवाई लढाईतील शेवटचे हयात वैमानिक जॉन हेमिंग्वे, जे हरिकेन विमान चालवीत, १७ मार्च २०२५ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी वारले. कालपर्यंत एखाद्या वृद्ध वैमानिकाला संगणकासमोर बसवून, “साहेब, असेच वागत होते का?” असे विचारण्याची सोय होती. यापुढे कागद खरा की गणित खरे, याचा निवाडा कारागिराच्या इमानदारीवर राहणार.

जमाखर्च आणि जोखीम

आता पैशाकडे वळू. समजा, तीन जणांनी दोन वर्षे राबून एक विमान घडविले आणि ५० डॉलर दराने त्याच्या ५,००० प्रती गेल्या. एकूण जमा अडीच लाख डॉलर. ‘स्टीम’सारखे मोठे संगणक-दुकान सर्वसाधारणपणे ३० टक्के कापून घेते. उरले पावणेदोन लाख. तिघांना दोन वर्षांसाठी वाटले तर प्रत्येकी वर्षाला सुमारे २९ हजार डॉलर, तेही खर्च आणि कर वजा जाण्यापूर्वी. इंग्लंड-अमेरिकेत हे जेमतेम उत्पन्न झाले. पुणे, मालेगाव किंवा सोलापूरला बसून काम करणार्‍याचा हिशेब वेगळा निघतो. अर्थात ५,००० प्रती जातीलच याची हमी कोणी देत नाही.

खरी जोखीम दुसर्‍याच्या आवारात गाळा चालविण्याची आहे. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘फ्लाईट सिम्युलेटर’ बनविणारा आपला विभागच बंद केला. छोट्या दुकानांनी जुन्या आवृत्तीवर अकरा वर्षे दिवस काढले आणि २०२० ला नवी आवृत्ती आली तेव्हा बराचसा जुना माल पुन्हा घडवावा लागला. एटूएने आपले हवेचे आणि एंजिनाचे गणित स्वतःच्या ताब्यात ठेवले होते. तरी नव्या आवृत्तीवर त्यांचे पहिले विमान यायला २०२३ साल उजाडले. पैशाचे तंटेही होतात. २०२४ मध्ये ‘डीसीएस’साठी विमाने बनविणार्‍या रॅझबॅम या कंपनीने देणी मिळाली नाहीत असे सांगून काम थांबविले, ईगल डायनॅमिक्सचे म्हणणे, करार त्यांनीच मोडला. कोण खरे हे ठरविणे आमचे काम नाही. ज्यांनी आधीच पैसे भरून विमाने घेतली होती ते गिर्‍हाईक मात्र मध्ये अडकले. करार कागदावर, तारखांसह आणि वकिलाच्या नजरेखालून, एवढे तरी आपल्या माणसाने पाळावे.

नावांचे हक्क हा आणखी एक काटा. बेल हेलिकॉप्टरची मालक टेक्स्ट्रॉन आणि खेळ बनविणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स यांच्यात २०१२ मध्ये हेलिकॉप्टरांच्या नावांवरून अमेरिकेत कोर्टबाजी झाली. आधुनिक लढाऊ विमानांच्या वाटेला तर नवशिक्याने जाऊच नये. त्यांच्या पुस्तिका निर्यातबंदीच्या कायद्याखाली येतात. एफ-१६ च्या पुस्तिका अमेरिकेबाहेर मागविल्याच्या आरोपावरून ईगल डायनॅमिक्सच्या एका रशियन कर्मचार्‍याला २०१९ मध्ये अमेरिकेत खटल्याला तोंड द्यावे लागले आणि त्याने गुन्हा कबूल केला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या विमानाला ही भीती नाही. त्याची गुपिते केव्हाच उघडी झाली आहेत. छोट्या दुकानांचा ओढा जुन्या विमानांकडे का, याचे हे एक व्यावहारिक उत्तर आहे.

भांडवल नसलेल्यांनी काय करावे? ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’चे उदाहरण पाहा. ब्रिटनच्या हवाई लढाईवरचा हा खेळ २०११ मध्ये इतका अर्धवट अवस्थेत बाजारात आला की त्याची नाचक्की झाली. ‘टीम फ्यूजन’ नावाने एकत्र आलेल्या हौशी मंडळींनी तो फुकटात, स्वतःच्या फुरसतीत दुरुस्त करायला घेतला. त्यांचे काम एवढे चोख निघाले की हक्कदार कंपनीने अखेर त्यांनाच अधिकृतपणे काम सोपविले आणि २०१७ मध्ये सुधारलेली आवृत्ती विक्रीला आली.

आपल्या मुलांसाठी शिरकावाची वाट बहुधा रंगकामातून आहे. ब्लेंडर हा त्रिमिती आकार घडविण्याचा कार्यक्रम फुकट मिळतो. एका तयार विमानावर एखाद्या तुकडीचे रंग, अक्षरे आणि चिन्हे अचूक चढविणे हे शिकाऊ काम आहे, आणि ते पाहूनच पुढचे काम मिळते. विषय शोधायलाही फार लांब जायला नको. ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीचे नाव ‘हैदराबाद’ होते, कारण ती निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीची तुकडी होती. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे सारे निजामाच्या राज्यातच, तेव्हा त्या खजिन्यात मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा साराही होता. या तुकडीने १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनार्‍यावरील वॉर्मवेल येथून स्पिटफायर उडविली आणि पुढे ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तिच्या चिन्हावर निजामाची दस्तार होती, बोधवाक्याचा अर्थ ‘विश्वासू दोस्त’, आणि विमानांच्या अंगावर ‘यूएम’ ही अक्षरे. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या तुकडीनेही युद्धाच्या अखेरच्या काळात ब्रह्मदेशात स्पिटफायर चालविली. खरे विमान डोळ्यांनी पाहायचे असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात ते उभे आहे. जाताना मोजपट्टी आणि वही बरोबर ठेवावी, हात लावण्याआधी परवानगी मागावी, आणि ‘यूएम’ ही अक्षरे किती इंच उंच होती ते मात्र जुन्या छायाचित्रांवरून स्वतः काढावे.